एक पान कमी

सत्तर पानांचा एक पुडा.
एकोणसत्तर चालत नाही, एकाहत्तराव्याचे पैसे नाहीत.
कोसमटोलीच्या फडीवर माझा हा चौथा हंगाम,
आता झोपेतही बोटं चालतात.
बायको म्हणते, पाठीवर काय मोजता माझ्या?

सयनाबाई मडावीचे पुडे रांगेत लागलेले,
ऊन असं की वहीचं पान हाताला चटका देई,
आणि तिच्या तिसऱ्या पुड्यावर
एक वाळकं पान.
तपकिरी. मधोमध शीर, देठ मोडका,
कडेला बुरशीचे दोन ठिपके.
म्हटलं, बाई, सुकं पान चालत नाही,
पुडा बाद.
आणि चिमटीत धरायला गेलो तर
ते उघडलं.

आत निळं. बोडीच्या खोल पाण्यासारखं,
त्यावर तिरपा नारिंगी पट्टा,
जसा लग्नातल्या जवायाचा शेला.
एवढंच दिसलं.
मग वाकडंतिकडं उडत कौह्याच्या बुंध्यावर गेलं,
मिटलं, डोकं खाली केलं,
आणि पुन्हा कुणीच नव्हतं तिथं.

"माहा पुडा बाद नोका करू जी," सयनाबाई हसली,
"ते माहं पान नाई. ते कोनाचंच नाई.
आमी त्याले खोटंपान मनतो."

त्यानंतर नऊ दिवस
जेवणाचा डबा घेऊन मी नाल्याकडं बसलो.
काटा ठेवणारा भाऊदास म्हणे, मुन्शीला झाडानं धरलं.
नऊ दिवसांत ते एकदाही फुलावर बसलं नाही.
टेंभरं पिकून खाली पडलेली,
फुटलेली, आंबलेली, अस्वलानं अर्धी चघळलेली,
त्यांवर ते तासन्‌तास सोंड लावून.
कौह्याच्या सालीतून चीक पाझरायचा, तिथंही.
माशांच्या पंगतीला बसायचं,
पण उठताना माशांसारखं नाही,
थोडं तोल गेलेल्या पावण्यासारखं.

दुसरं कुणी नाल्यात उतरलं की हाकलायचं.
एकदा कोतवालानं गाठलं.
वर, खाली, बांबूच्या बेटातून,
आणि कोतवालाच्या चोचीत पंखाचा एक तुकडा आला.
त्यानं तो टाकून दिला.
पान समजून की काय, कोण जाणे.
फाटक्या पंखानं ते आणखी खरं पान झालं.

पोळ्याच्या आधी बोनसची यादी घेऊन गेलो,
तेव्हा सयनाबाईनं बोडीच्या काठी नेलं,
कोरसुंद्याच्या काट्यांत बोट दाखवलं.
काळी मखमल, अंगभर तांबडे काटे,
पानाला खालून भोक पाडत बसलेली.
"हे? हे ते?"
"मंग काय."
तिनं सांगितलं, अंडं कोरसुंद्यावर नसतं घालत,
वरच्या झाडाच्या सालीवर ठेवते आणि निघून जाते.
पिल्लू निघते, धागा सोडते,
आणि आपल्या जेवनावर आपनच उतरते.
मी विचारलं, आणि चुकलं तर?
सयनाबाईनं पदराला चिकटलेले काटे काढले,
बराच वेळ.
"चुकते त बी," म्हणाली.
मग यादीत आपलं नाव कुठं आहे ते विचारलं.
नाव होतं. पुडे एकशे बारानं कमी होते.
ते मी त्याच दिवशी, उभ्यानं, दुरुस्त करून घेतले.

पावसात त्याचा रंग वेगळा असतो म्हणे,
तेव्हाची पानंही वेगळी, भिजकी, काळपट.
मला दिसलं नाही.
पावसात फडी नसते, मी नसतो,
ते असतं.

आता यंदाचा हंगाम.
सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर,
इथं माझं बोट थांबतं.
मागं माणसं ताटकळतात, भाऊदास खाकरतो.
शेवटच्या पानावर मी हळूच फुंकर घालतो.
ते हलत नाही.
मग लिहितो: सत्तर.